माझ्या नावाची डबी

मी मूळचीच संशयी. दूधवाला हसून बोलला तर आज दुधात पाणी जास्त असणार, असं मला वाटतं. आई म्हणायची, "ह्या पोरीला देवानं डोळं दोन दिलं, पण शंका दिल्या पोतंभर." त्यामुळे टीबी झाला तेव्हा मी डॉक्टरांवर, घरच्यांवर आणि त्या एक्स-रे काढणाऱ्या पोऱ्यावरसुद्धा संशय घेतला यात नवल नाही. नवल वेगळंच आहे. टीबी झालेल्या माणसावर बाकीचे किती संशय घेतात, ते मला तेव्हा कळलं, आणि आपण तर काहीच नाही, असं वाटायला लागलं.

आज कुणाच्या घरात हे दुखणं आलं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगते.

*

मी वडूजची. बारावीनंतर सांगलीत नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला आले. ही नव्वदनंतरची गोष्ट, आमच्या गल्लीत तेव्हा नुकती केबल आली होती. वर्ग थोडा आणि हाताचं काम फार, असा तो कोर्स. हाताच्या कामासाठी आम्हा मुलींना विश्रामबागेतल्या एका शुश्रूषागृहात पाठवलं. ज्या म्हाताऱ्यांना घरात उठवायला-बसवायला माणूस नाही, ते तिथं असायचे. मागच्या अंगाला एक खोली होती, त्यात मी आणि कल्पना नावाची कवठ्याची मुलगी, अशा दोघी राहायचो.

सकाळी अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, कूस बदलून पाठ बघायची, पेज भरवायची. सगळ्यांवर हुकूम बाईंचा. बाई म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, आवाज असा की झोपलेला माणूस उठून बसावा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नाक मुरडायचं असेल तर आत्ताच घरी जा. इथं नाकाला सुट्टी." मला त्या आवडल्या. पण गोड बोलत नाहीत म्हणजे मनात काही तरी असेल, अशी शंका होतीच.

खिडकीजवळच्या कॉटवर नाना होते. आटपाडीकडचे. जन्म सगळा कोइमतूरला गलाईत गेला. गलाई म्हणजे सोनाराकडची मोड नि झाडलोट वितळवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं काम. आमच्या त्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी सगळ्या हिंदुस्थानात पांगली आहेत. नाना पायांनी अधू, काठी घेऊन हळूहळू चालायचे, तोंडानं मात्र धडधाकट. रागावले की तमिळमध्ये शिव्या द्यायचे. आणि खोकायचे. खोकून खोकून पलंग हलायचा.

मी बाईंना विचारलं होतं, "यांना तपासलंय का?"

"मुलगा म्हणतो गलाईच्या धुराचा खोकला आहे. आयुष्यभर ॲसिडचा धूर खाल्ला, खोकणारच."

गलाईवाल्या माणसाच्या खोकल्याला आमच्याकडं दुसरं कारण कुणी शोधतच नाही. मलाही ते पटलं. मी त्यांची पाठ चोळायची, पिकदाणी धुवायची, घास भरवायची. ठसका सरळ तोंडावर यायचा. "चुकलं गं पोरी," म्हणायचे आणि परत खोकायचे.

*

हिवाळ्यात मला संध्याकाळचं अंग मोडून यायला लागलं. खानावळीच्या भाज्यांवर माझा पहिला संशय. मग युनिफॉर्म ढिला व्हायला लागला, तेव्हा शिंप्यावर. एका सकाळी बेसिनमध्ये थुंकले तर लाल दोरा. ब्रश लागला असेल म्हणून मी नळ सोडला. कल्पना मागं उभी होती. तिनं तडक जाऊन बाईंना सांगितलं. त्या दिवशी मी तिला चोंबडी म्हणाले. आज म्हणेन, बरं झालं बाई चोंबडी होतीस.

बाईंनी स्वतः रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. मी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचत होते.

"टीबी आहे. बरा होतो. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

मला पहिला शब्द तेवढा ऐकू आला. मी म्हणाले, "डॉक्टर, हा फोटो माझाच आहे ना?"

"मग काय माझा आहे?" ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसले. लहानपणी आमच्या गल्लीतला एक तरणाताठा माणूस ह्याच रोगानं वाळून गेला होता. त्याच्या दारावरनं जाताना आम्ही पोरं श्वास रोखून धरायचो. आता माझ्या दारावरनं पोरं तशीच जाणार, एवढंच डोक्यात येत होतं. बाई शेजारी बसल्या. समजूत वगैरे काही घातली नाही. उसाचा रस मागवला आणि म्हणाल्या, "पी. रडायचं ते नंतर रड." तो रस मी अजून विसरले नाही.

*

वडूजला घरी गेले. आईनं शेजारी सांगून टाकलं, "टायफॉइड हाय. सांगलीचं पाणी बाधलं." माझ्यासमोर सांगितलं, आणि मी मान हलवली. मुलगी लग्नाची, टीबीचं नाव निघालं तर दारात कोण उभं राहणार? माझं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं झालं. वहिनी बाळाला घेऊन माहेरी गेली. "आईला बरं न्हाई माझ्या," म्हणाली. तिची आई ठणठणीत आहे हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं.

रागही आला आणि पटलंही. तान्हं बाळ होतं. तिच्या जागी मी असते तर मीही पळाले असते.

वडील अबोल माणूस. शिलाई मशीनवर बसायचे आणि दिवसभरात चार शब्द बोलायचे. एका दुपारी मला भाकरी जाईना, अर्धी ताटात राहिली. त्यांनी ताट ओढलं आणि ती अर्धी भाकरी खाऊन टाकली. आई ओरडली, "आवं, काय करताय!"

"भाकरीतनं होत न्हाई, डागदर म्हणला," एवढं बोलून ते मशीनवर गेले.

मी चादर तोंडावर ओढून पोटभर रडून घेतलं. या दुखण्यात माणसाला औषधाइतकीच अशा एखाद्या माणसाची गरज लागते.

पहिले काही दिवस सुया झाल्या, गोळ्यांनी मळमळायचं, पण ताप गेला, खोकला गेला, भूक परतली. शेंगदाणे, गूळ, अंडी. अंगावर मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की आता हिच्यापासून धोका नाही. मी पिशवी भरून सांगलीला आले.

*

बाईंनी चिठ्ठी वाचली. "ठीक आहे. पण माझ्याकडं म्हातारी माणसं आहेत. दोन महिन्यांची थुंकी तपासणी होऊ दे. स्वच्छ आली की आत काम. तोवर मागं, चादरी आणि घड्या."

"आणि स्वच्छ नाही आली तर?"

"तर मला तुला ठेवता येणार नाही."

म्हणजे परीक्षा गेली. वडिलांना दुसऱ्यांदा पाठवणं जमणार नव्हतं. वडूजला परत जायचं, 'टायफॉइड' सांगून कुणाच्या तरी गळ्यात पडायचं आणि सासरी गोळ्या लपवून खायच्या. मला ते नको होतं. मला तो कोर्स पाहिजे होता.

कल्पनानं तिची खाट दुसऱ्या भिंतीला लावली होती. "वारा येतो इकडं," म्हणाली. खिडकी माझ्या बाजूला होती!

दवाखान्यातून झाकणाची डबी मिळाली. सकाळी उठल्या उठल्या, चूळ न भरता, खोल खोकून त्यात थुंकायचं. मी खोकले, छाती ठोकली, पण बेडका काही येईना. आत काही उरलंच नव्हतं. शेवटी नुसती लाळ टाकली, झाकण लावलं, डबी मागच्या कट्ट्यावर ठेवून आंघोळीला गेले. डबीवर माझ्या नावाची चिकटपट्टी होती.

तपासणीच्या खिडकीवरचा माणूस झाकण उघडून म्हणाला, "शाब्बास. बाकीच्या बाया नुसतं पाणी आणतात. असा जाड बेडका पाहिजे." मला वाटलं, चेष्टा करतोय मेला.

निकाल आला. जंतू आहेत.

डॉक्टरांनी माझं वजन बघितलं, छाती ऐकली, नवा एक्स-रे बघितला. सगळं सुधारलेलं. मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "खरं सांग. गोळ्या खातेस की फेकतेस?"

"देवाशपथ खाते."

"सगळे तेच म्हणतात. पुढच्या आठवड्यात परत डबी आण. पुन्हा असंच आलं तर सुया नव्यानं सुरू."

माझी शपथ कुणालाच पुरेना. बाई माझ्यासमोर उभं राहून गोळी गिळायला लावायच्या आणि तोंड उघडून दाखव म्हणायच्या. आईला फोन केला तर ती म्हणाली, "त्या डागदरालाच काय कळत न्हाई." मीही कमी नव्हते. माझा संशय आधी त्या खिडकीवरच्या माणसावर गेला, मग बाईंवर. घालवायचंय मला, म्हणून यांनीच काही तरी केलं असेल. मग तो 'जाड बेडका' आठवला आणि अंगावर काटा आला. मी तर लाळ दिली होती. मग डबीत गेलं कुणाचं?

मी कल्पनाला धरलं. "तू थुंकलीस माझ्या डबीत?"

ती रडायलाच लागली. "अगं, तुझ्या डबीकडं बघायची मला भीती वाटते. थुंकायला झाकण कोण उघडंल?"

बिचारीचं म्हणणं बिनतोड होतं.

*

दुसरी डबी मी मुद्दाम तिथंच ठेवली, कट्ट्यावर, आणि वाळत घातलेल्या चादरींच्या मागं उभी राहिले. उजाडलं होतं. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता.

काठीचा आवाज आला. नाना. कट्ट्याशी थांबले, इकडं तिकडं बघितलं, डबी उचलली, झाकण फिरवलं. खोल खोकले आणि थुंकले. बोटानं कड पुसून झाकण लावायला लागले.

"नाना!"

डबी हातातून पडता पडता राहिली. "बोंबलू नगंस पोरी. बोंबलू नगंस."

"काय केलंत हे? माझ्या जिवावर उठलाय काय?"

ते कट्ट्यावर बसले. दम लागला होता. "तू जाताना चिपाड हुतीस. आलीस ती गुटगुटीत हून. तुजा रोग गेलाय, आंधळ्याला बी दिसंल. मग तुज्या डबीत जंतू घावलं तर ते कुणाचं? माजंच की."

मी डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"मुलाला सांगायचं होतं तपासून घे म्हणून."

"सांगितलं. इलास म्हणतो धूर हाय, नातीचं जमतंय, तवर गप बसा. आनि हिथं कळलं तर हाकलत्यात. मग घरी गोठ्याजवळची खोली. जल्मभर सोनं पारखून घेतलं मी, नि माज्याच छातीत काय हाय ते मला कोन सांगंना." खोकला आला. "मला नुसतं कळून घ्यायचं हुतं."

"पहिल्याच निकालाला कळलं की! मग परत कशाला?"

"एक बार चूक असंल म्हणलं."

"आणि माझं काय? मला सुया टोचतील, कोर्स जाईल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तुजं वय हाय. तू निभावशील, वाटलं."

माझं डोकं भडकलं. "तुम्हीच दिला असेल मला हा रोग. मी यायच्या आधीपासनं खोकताय."

"त्यो धुराचा," नाना म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच हसले, अगदी ओशाळं. मला हसू आलं नाही. मी डबी मोरीत धुऊन टाकली आणि सांगितलं, "रविवारी मुलगा येतोय तुमचा. तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

*

रविवारपर्यंत नाना भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला दिसलं की पांघरूण डोक्यावर. हा माणूस कानावर हात ठेवणार, याची मला खात्री होती. एक म्हातारा गलाईवाला खरा की गोळ्या फेकणारी पोरगी खरी, लोक कुणावर विश्वास ठेवतील?

खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांची जराही कीव आली नाही. शनिवारी यायला लागली. चादरींच्या घड्या घालताना मनात यायचं, मी बोलले की ह्यांची खिडकीजवळची कॉट जाणार. आणि नाही बोलले तर हे औषधाविना कुढत मरणार, आणि त्याआधी शेजारच्या दोघा-चौघांना देऊन जाणार. माझा कोर्स तर गेलाच. कशीही पालथी घातली तरी गोष्ट एकच निघत होती, सांगायलाच हवं. आपलं हित आणि दुसऱ्याचं हित एकाच बाजूला आलं की माझ्यासारखीला आणखी शंका येते. स्वतःसाठीच तर नाही ना करत आपण?

रविवारी विलासराव केळी घेऊन आले. सफारी, हातात घड्याळ, बोलणं गोड. बाईही तिथंच होत्या. नाना माझ्याकडं बघेनात. मी बादली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

विलासराव उठून उभे राहिले. "स्वतःचा रोग माझ्या बापावर ढकलतीस? लाज वाटत न्हाई? बाई, असल्या पोरी ठेवता तुमी? नानांचा धुराचा खोकला हाय, सगळ्या गावाला म्हाईत हाय."

बाईंनी मला विचारलं, "पुरावा?"

माझ्याकडं काय पुरावा होता? मोरीत धुऊन टाकला होता मी. मी नानांकडं बघितलं. ते केळ्याच्या घडाकडं बघत होते. संपलं, मी मनात म्हणाले, भर पिशवी.

"पोरी, डबी हाय का तुज्याकडं?" नाना म्हणाले.

तिसरी डबी माझ्या खिशातच होती, उद्याची. मी दिली. ते कॉटवर सरळ बसले, छातीवर हात ठेवला आणि असे खोकले की शेजारचा पेशंट उठून बसला. डबीत थुंकले, झाकण लावलं आणि डबी बाईंच्या हातात दिली.

"हिचं नाव काडा त्याच्यावरचं," म्हणाले. "माजं घाला."

"नाना!" विलासराव ओरडले.

"तू गप रं. तुज्या लेकीच्या सोयरिकीपायी मी मरू काय?"

बाईंनी चिकटपट्टी नखानं ओरबाडून काढली. विलासरावांना एवढंच म्हणाल्या, "ही उद्या तपासणीला जाईल. तुम्ही घरी बोलून घ्या."

*

नानांचा निकाल आला, जंतू होते. मी बाईंच्या डोळ्यांदेखत थुंकून नवी डबी दिली, ती स्वच्छ आली. मी आत कामाला लागले. शेजारच्या कॉटवरच्या सगळ्यांना तपासून घेतलं, सुदैवानं कुणाला काही नव्हतं. आणि विलासराव त्याच आठवड्यात जीप घेऊन आले. नानांच्या तोंडाला टॉवेल बांधला होता. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी बघायचं टाळलं.

खिडकीजवळची कॉट मीच पुसली. फार वाईट वाटलं. बरोबर केलं होतं, तरी वाईट वाटलं.

आणि मग माझी जुनी खोड सुरू झाली. त्या घरात नानांना गोळ्या देतील का? सोयरीक मोडू नये म्हणून परत 'धूर' म्हणून बसवून ठेवलं तर? बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी कागद तिकडच्या दवाखान्यात पाठवलेत. आपलं काम झालं." माझं झालं नव्हतं. परीक्षा दिली, आणि वडूजला जाताना वाकडी वाट करून आटपाडीच्या एसटीत बसले.

घर विचारत गेले. सून दारात आली. "नाना? बरं हायत. धुराचा खोकला, वयानुसार चालायचंच." मी पुढचं न ऐकता गोठ्याकडं वळले.

गोठ्याशेजारच्या खोलीत नाना कॉटवर होते. खोली स्वच्छ होती, खिडकी उघडी होती. अंगानं बरे वाटत होते, पण मी वाटण्यावर जाणारी नव्हे.

"गोळ्या खाताय?"

"खातो की."

"रोज?"

"रोज." उशाखालची रिकामी पाकिटं काढून दाखवली. रिकामी पाकिटं मलाही दाखवता येतात. गोळी गाईपुढं टाकली की पाकीट रिकामंच.

आता हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. त्या गोळ्यांत एक लाल गोळी असते, ती पोटात गेली की लघवी भगवी होते. पहिल्यांदा बघून मी किंचाळले होते, रक्तच वाटलं. घाबरायचं काही नसतं. माणूस खोटं बोलेल, बायको खोटं बोलेल, लेक बोलेल. लघवी नाही बोलत.

"नाना, लघवीचं भांडं कुठंय?"

सुनेनं तोंडाला पदर लावला आणि ती घरात निघून गेली. नाना माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांना कळलं. गलाईवाला माणूस, पारख कशी करतात ते त्यांना वेगळं सांगायला नको. "बघ, बया, बघ," म्हणाले. "कॉटखाली हाय."

मी वाकून भांडं ओढलं. झेंडूच्या फुलासारखी भगवी.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली होती, नात असणार. "मीच देते रोज," ती हळूच म्हणाली. "चहाच्या आदी. आईला सांगू नका. लग्न मोडंल म्हणून ती गोळ्या टाकायला सांगते, तिला वाटतं टाकून देतोय."

मी भांडं उचललं, मोरीत नेऊन धुतलं आणि परत कॉटखाली ठेवलं.

"आता तरी पटलं?" नानांनी विचारलं.

"आजचं पटलं," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत येऊन बघणार आहे."